मागच्या रॅकवरची मुंबई

बेळगाव, रविवार

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज बसलेला होता. आईला वाटलं, सर्दी झाली. मला मात्र कळलं. सबंध दिवस लायब्ररीत बसून एकही रूलिंग, म्हणजे कोर्टात दाखवता येईल असा जुना निकाल, हाती लागलं नाही की माणसाचा असाच आवाज होतो. कोर्टाच्या आवारात तीस वर्षं ऐकलाय तो मी, कधीकधी माझ्याच तोंडून. फोनवर सांगायला गेलो तर "पप्पा, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं" म्हणालीस आणि मी गप्प बसलो. म्हणून लिहायला घेतलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तुझा विषय बेळगाव भागातला कूळ कायदा. तू 'कर्नाटक' घालून शोधलंस आणि जुनं काहीच आलं नाही. येणार कुठून? राज्याला कर्नाटक हे नाव मिळालं 1 नोव्हेंबर 1973 ला. त्याआधी म्हैसूर. आणि 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी आपण म्हैसुरातही नव्हतो, मुंबई राज्यात होतो. तुझ्या पणजोबांच्या काळात अपील मुंबईला जायचं, आजोबांच्या काळात बंगळूरला. 2008 ला धारवाडला हायकोर्टाचं बेंच सुरू झालं, तेव्हापासून आमचे वकीलसाहेब सकाळच्या बसनं जाऊन रात्री जेवायला घरी. खानापूरकडचं शेत मात्र होतं तिथंच आहे.

राज्य बदललं म्हणून कायदा एका रात्रीत बदलत नाही. राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम 119 काढून वाच. नवीन सरकार बदल करेपर्यंत ज्या मुलखाला जो कायदा होता तोच चालू. म्हणून मुंबईचा 1948 चा कूळ कायदा आपल्याकडे 1956 नंतरही चालत राहिला, पार 2 ऑक्टोबर 1965 ला म्हैसूरचा जमीन सुधारणा कायदा अमलात येईपर्यंत. तो कायदा 1961 चा, पण अंमल 65 पासून. पास झाल्याची तारीख आणि लागू झाल्याची तारीख यांत इथंच पुष्कळ जण पडतात. पुढं 1 मार्च 1974 ची मोठी दुरुस्ती, म्हणजे आपल्या गावात अजून ज्याचं नाव काढतात तो सात नंबरचा फॉर्म, कुळानं जमीन आपल्या नावावर मागायचा. तेव्हा तुझं काम एका रॅकवर होणारच नाही. मुंबई, म्हैसूर आणि कर्नाटक असे तीन रॅक उपसावे लागतील.

मुंबई हायकोर्टाच्या निकालांचे खंड बहुतेक ठिकाणी सगळ्यात मागं असतात, ट्यूबलाइट गेलेली असते तिथं. तुझ्याकडेही तसंच असणार. तुझ्या कर्नाटक विद्यापीठाचा जन्म 1949 चा आणि तोही मुंबईत, धारवाडला ते वर्षभरानं आलं. त्यामुळं मागच्या रॅकवर मुंबई असली तर नवल वाटून घेऊ नकोस. आयएलआर, म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्स, त्यांची मुंबई मालिका 1876 पासूनची. बॉम्बे लॉ रिपोर्टर 1899 पासून, आणि त्याची एक खूण सांगतो, जी मला कुणी सांगितली नव्हती: सालातून 1898 वजा कर, खंडाचा नंबर येतो. 1956 चा खंड 58. पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेली असली तरी शेजारच्या दोन खंडांवरून मधला ओळखता येतो.

एआयआरचं, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरचं, वेगळं. नागपूरवाल्यांचं ते, निकाल 1914 पासूनचे. तिथं साल हाच नंबर, पण एका सालात प्रत्येक कोर्टाचा भाग निराळा आणि प्रत्येकाची पानं परत एकपासून. मी नोकरीला लागलो त्या वर्षी साहेबांनी चिठ्ठीवर साल, कोर्ट आणि पान लिहून दिलं होतं. मी साल बघितलं, पान बघितलं, मधलं कोर्ट बघितलंच नाही. खूण घालून पुस्तक टेबलावर ठेवलं. साहेब उभे राहिले, पान उघडलं आणि वाचायला लागले. प्रकरण आमचं वहिवाटीचं, पानावर निघाला कुठल्यातरी विम्याचा दावा. दोन ओळी वाचून त्यांनी चष्मा काढला. मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी मी जेवलो नाही.

उलटंही होतं. एकच खटला दोन कपाटांत दोन नंबरांनी बसलेला असतो. केशवानंद भारतीचा खटला एआयआर 1973 सुप्रीम कोर्ट 1461 ला आहे आणि 'सुप्रीम कोर्ट केसेस'मध्ये (1973) 4 एससीसी 225 लाही. दोन रूलिंग म्हणून वहीत उतरवू नकोस. (ते स्वामी कासरगोडकडच्या मठाचे. बेळगाव कर्नाटकात राहू दे म्हणणाऱ्या महाजन आयोगानं कासरगोडही कर्नाटकाला द्या म्हटलं होतं. ते राहिलं केरळातच, आणि आपण कुठं राहिलो ते तुला ठाऊक आहे.)

खटल्याच्या नावानं शोधायला बसू नकोस, नाव तुला माहीत कुठं असतं! आधी कायद्यावरची कॉमेंटरी घे, कलम काढ आणि खालच्या बारीक अक्षरातल्या टिपा बघ. तिथून नंबर मिळतात. मग डायजेस्ट, म्हणजे निकालांच्या सारांशांचं पुस्तक, ते विषयवार असतं. रूलिंग सापडलं की वरची हेडनोट, म्हणजे सारांश, वाचून पळू नकोस. हेडनोट संपादकाची असते, न्यायाधीशाची नव्हे. आणि पुढच्या सालांच्या डायजेस्टमध्ये ते रूलिंग अजून जिवंत आहे का बघ, की मोठ्या बेंचनं फिरवलंय. मेलेलं रूलिंग कोर्टात काढलं की समोरचा वकील आनंदानं उभा राहतो.

जुन्या कायद्याची पुस्तकं कुणी रद्दीत काढत असेल तर ओरड. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि खुनाच्या कलम 302 चं 103 झालं हे खरं, पण त्याच्या आदल्या दिवशी झालेला खून 302 खालीच चालणार.

लायब्ररीत जो शिपाई पुस्तकं परत जागेवर लावतो, त्याच्याशी आधी ओळख कर. कॅटलॉगमध्ये 'आहे' आणि रॅकवर 'नाही' असं पुस्तक कुठं असतं, ते त्याला विचार. बहुतेक वेळा बाइंडिंगला गेलेलं असतं, नाहीतर कुणा सरांच्या टेबलावर. इथले आमचे लोक कानडीत विचारलं तर दोन पावलं जास्त चालतात. तुझं कानडी माझ्यापेक्षा बरं आहे.

कॉम्प्युटरला मी नावं ठेवत नाही. सुप्रीम कोर्टानं 2023 पासून आपले निकाल फुकट उघडलेत, काही मराठीत आणि कानडीतही. धाकट्यानं मोबाइलवर लावून दिलं. इंग्रजी मला नंबरापुरतंच येतं, हे तुला माहीत आहे. पुस्तकं उचलली, खुणा घातल्या, आत काय आहे ते साहेबांनी वाचलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एक अख्खा निकाल मी स्वतः वाचला, मराठीत. भाषांतर जडच आहे. रात्री एक वाजला.

आईनं कुंदा पाठवलाय, शेजारचे मंगळवारी धारवाडला येताहेत त्यांच्याकडे. अर्धा त्या शिपायाला दे. आणि मागच्या रॅकला गेलीस की एक काम कर. साहेबांची ती चिठ्ठी अजून माझ्या डायरीत आहे, नंबर पत्राच्या पाठीमागे लिहिलाय. या वेळी कोर्ट नीट बघून काढ आणि त्यात काय म्हटलंय ते मला फोनवर वाचून दाखव.

तुझे पप्पा