लेसोथोच्या डोंगरातून घरी

ती. आई-आबांना सा. नमस्कार, ताईला आणि पोरांना खूप खूप प्रेम,

फोनवर काही नीट बोलणंच होत नाही, रेंज येते जाते, आणि आई "जेवलास का" एवढंच विचारून फोन आबांकडे देते, आबा तो परत ताईकडे. म्हणून म्हटलं आज रविवार आहे, बसून सगळं टाइप करून पाठवतो. ताई, तू आबांना वाचून दाखव, त्यांच्यासाठी शेवटी एक काम पण आहे.

तिकडे पालख्या निघाल्या असतील, भाताची लावणी सुरू असेल. इकडे सगळं उलटं, जून-जुलै म्हणजे कडाक्याची थंडी. मामी म्हणाली म्हणे की आफ्रिकेत पोरगं उकडून निघत असेल, तिला सांगा की काल सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा थर होता आणि तो फोडून तोंड धुतलं. लेसोथो म्हणजे चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मध्ये हा एवढासा देश. इथली सगळ्यात खालची जागासुद्धा १४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढी. मी आहे तो मोखोत्लाँग जिल्हा तर त्याच्याही खूप वर, ३४८२ मीटरचं शिखर इथंच आहे, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. बाहेरून यायचा सानी पासचा घाट तर विचारू नका, फोर बाय फोर गाडीच लागते, साधी गाडी सोडतच नाहीत, आणि वळणं अशी की पहिल्यांदा आलो तेव्हा मी खिडकीकडे बघितलंच नाही.

आमचा धरणाच्या कामाचा कॅम्प बरा आहे, हीटर आहे, गरम पाणी आहे, त्याची काळजी करू नका. पण कॅम्पच्या पलीकडच्या उतारावर जे गाव आहे ते बघितलं की कळतं इथली माणसं कशी राहतात. आमच्या सर्व्हे टीममध्ये स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरायला तिथला एक पोरगा आहे, त्याच्या आजीकडे माझं जाणं-येणं असतं. सगळे तिला म्मे म्हणतात म्हणजे आई, मी पण तेच म्हणतो. गोल दगडी घर, वर गवताचं छप्पर, आत जमीन शेणानं सारवलेली, आई तू बघशील तर म्हणशील आपल्याच माहेरी आले. पण लाकूड नाही हो इथं! एवढे डोंगर आणि झाड औषधाला नाही, सगळं गवत. मग जाळायचं काय, तर शेण. मेंढ्यांच्या वाड्यात वर्षभर तुडवून तुडवून शेणाचा हातभर थर बसतो, तो थंडी सुरू व्हायच्या आधी फावड्यानं चौकोनी कापतात, उन्हात वाळवतात आणि घराशेजारी रचून ठेवतात. ज्याचा ढीग मोठा त्याची थंडी सुखाची. धूर मात्र घरात एवढा होतो की मी पाच मिनिटांत डोळे पुसत बाहेर येतो आणि म्हातारी हसत बसते.

खायला रोज पापा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत मोरोहो, ती पालेभाजी. मटण सणावारी नाहीतर मयताला. एखाद्या घरावर काठीला पांढरं फडकं बांधलेलं दिसलं की समजायचं आज तिथं घरची बिअर तयार आहे, गावातले अर्धे पुरुष तिकडेच. अर्थात पुरुष आहेतच किती म्हणा. आधीच्या पिढीत प्रत्येक घरातला एक तरी जोहान्सबर्गकडच्या सोन्याच्या खाणीत असायचा, ९० च्या दशकापासून खाणींनी माणसं कमी केली ती केलीच, कोणी छातीचा आजार घेऊन परत आले, कोणी आलेच नाहीत. बायका खाली राजधानीत, मासेरूला, कपड्यांच्या फॅक्टरीत. वर एचआयव्हीनं मधली पिढीच खाल्ली आहे या देशात, मोठ्या माणसांमध्ये साधारण पाचातल्या एकाला आहे. आता गोळ्या फुकट मिळतात, लोक जगतात, पण क्लिनिक डोंगरापलीकडे. आठवा-नववा महिना लागला की पोटुशा बायका क्लिनिकशेजारच्या खोलीत जाऊन राहतात, कारण कळा सुरू झाल्यावर तिथं पोचायचं म्हणजे घोड्यावरून नाहीतर चालत. त्यामुळे नातवंडं आजीच्या गळ्यात. या म्मेकडे तिघं आहेत, आणि घर चालतं तिच्या पेन्शनवर, सरकार सत्तरीनंतर देतं, २००४ पासून सुरू आहे.

प्राथमिक शाळा फुकट आहे, पण पुढची लांब आणि फी भरायची, त्यात मुली जास्त शिकतात, मुलं कमी, कारण मुलं गुरांमागे जातात. दहा-बारा वर्षांची पोरं, पायात गमबूट, अंगावर जाड ब्लँकेट, वर डोंगरात एकटी कुत्र्यांबरोबर महिने काढतात. ताई, आपल्या गोट्याएवढी गं.

आता आबांसाठी. आबा, तुम्ही विचारलं होतं ना तुझं काम नक्की काय, तर इथं सेंकू नदीवर पोलिहाली नावाचं धरण बांधतायत, दीडशे मीटरच्या वर उंच. आधीचं कात्से धरण १८५ मीटर आहे, कोयना १०३. १९८६ साली दोन देशांचा करार झाला, तेव्हापासून हे चालू आहे, पाणी बोगद्यातून थेट दक्षिण आफ्रिकेला, जोहान्सबर्गला जातं आणि लेसोथोला त्याची रॉयल्टी मिळते. देशाला पैसे मिळतात हे खरंय, 'मुएला'च्या वीजकेंद्रात त्याच पाण्यावर वीज पण होते. पण ही म्मे रोज वीस लिटरची बादली डोक्यावर घेऊन खालच्या झऱ्यावर जाते आणि थंडीत झरा बारीक झाला की रांग लागते. तिला खिडकीतून नदी दिसते. मी पगार घेतो तो याच कामाचा, त्यामुळे जास्त बोलायला मला तोंड नाही, पण कोयना धरणात गाव गेलं त्या आजोबांच्या बामणोलीकडच्या गोष्टी लहानपणी ऐकल्यात ना, त्या डोक्यातून जात नाहीत.

म्हातारीचं खालच्या अंगाचं शेत पाण्यात जाणार आहे आणि नवऱ्याची कबर पण हलवायची आहे. गावप्रमुखाच्या वाड्यापुढं सभा होतात, फॉर्म भरून घेतात, अंगठे घेतात. आधीच्या धरणाच्या वेळी नियम केला होता की शेत गेलं त्याला दरवर्षी धान्य नाहीतर पैसे, ५० वर्षं. त्यावर तिनं मला सरळ विचारलं, माझा नातू ५० वर्षांनी कुठं नांगर धरेल? मी काय सांगणार, मी लेव्हल घेणारा, जमिनीची उंची मोजणारा माणूस. मग तिला म्हणालो माझ्या आजोबांचं पण असंच गाव गेलं, तर ती म्हणाली मग त्यांनी कुठले कागद जपले ते विचार.

तर आबा, तेवढं करा. ती पत्र्याची पेटी माळ्यावरून काढायला लावा, त्यात संपादनाची नोटीस, पर्यायी जमिनीचा कागद, जे काय असेल त्याचे ताईकडून फोटो काढून पाठवा. आणि आजोबांकडे नेमकं काय नव्हतं म्हणून एवढ्या चकरा माराव्या लागल्या, ते तुम्हाला आठवेल तसं बोलून रेकॉर्ड करून पाठवा, कायदे इथले वेगळे आहेत पण मोजणीच्या वेळी कुणी हजर राहायचं, पावती कुणाच्या नावे घ्यायची, बांध आणि झाडं धरली का, हे सगळीकडे सारखंच असणार. पुढची सभा महिनाअखेरीला आहे, त्याआधी मिळालं तर बरं.

पैसे सोमवारी टाकतो. आई, गुडघ्याचं औषध बंद करू नकोस, आणि आमचा एक जण सुट्टीवरून येतोय पुण्याहून, त्याच्याकडे काळा मसाला दे, चिवडा नको, चुरा होतो.

तुमचा,
धाकटा