उचल दलालाची नको, आपली द्या

मा. संपादक,

आमच्या गल्लीतल्या काही घरांनी मिळून बेळगावजवळच्या कडोली भागातल्या एका सेंद्रिय शेतकऱ्याला पावसाळी हंगामाचे पैसे मे महिन्यातच दिले. त्या बदल्यात दर शनिवारी भाजीचा वाटा घरी येतो. कुणालाही हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला, "मार्केटपेक्षा स्वस्त पडते का?" नाही पडत. आवक वाढली की मार्केटात मेथीची पेंडी आमच्याहून कितीतरी कमी दराने मिळते. तरीही दसऱ्यानंतरच्या हंगामासाठी मी पुन्हा पैसे भरणार आहे.

माझे माहेर त्याच भागातले. बियाणे, शेणखत, भांगलणीची मजुरी हा खर्च सुरुवातीलाच येतो, पैसा मात्र माल निघाल्यावर. मधल्या काळात दलालाची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर न्यायचा, तो म्हणेल त्या दराला. गोव्याचे व्यापारी फिरकले नाहीत, त्या दिवशी वडिलांनी कोबीची पोती तशीच परत आणून म्हशींपुढे टाकलेली मी पाहिली आहेत. गाडीभाडे वर गेलेच. मे महिन्यात हातात पडलेल्या आमच्या पैशांमुळे या शेतकऱ्याला यंदा उचल घ्यावी लागली नाही. माझ्या लेखी या योजनेचे मोल एवढ्यातच आहे.

श्रावणात झड लागली आणि टोमॅटो जाग्यावर कुजला. त्या आठवड्यांत वाट्याला आली अंबाडी, लाल भाजी, अळू आणि थोडे दोडके. काही घरांनी पैसे परत मागितले, त्याचे मला फार वाईट वाटले. पीक आले तर वाटून घ्यायचे, गेले तर तेही वाटून घ्यायचे, हे पहिल्याच बैठकीत ठरले होते. जपानात १९७० च्या दशकात आणि अमेरिकेत १९८६ च्या सुमारास अशा योजना सुरू झाल्या, त्याही याच बोलीवर. आमच्या सासूबाईंनी अंबाडीत तांदळाच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी दिली. मुलांनी दुसऱ्यांदा मागून खाल्ली.

"सेंद्रिय कशावरून?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. सेंद्रिय अन्नाविषयीच्या केंद्राच्या २०१७ च्या नियमांत थेट ग्राहकाला माल देणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. म्हणून खात्री आपणच शेतावर जाऊन करावी. एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन घालून जीवामृत हे पातळ खत कालवतात, ते आम्ही पिंपाजवळ उभे राहून पाहिले. कुठल्या वाफ्यावर काय फवारले, तेही विचारले. शेतकऱ्याने एकाही प्रश्नाला टाळाटाळ केली नाही.

शहापूर, वडगाव, अनगोळमध्ये गल्लोगल्ली महिलांच्या भिशा चालतात. एकमेकींवर विश्वासाने पैसे सोपवणाऱ्या या भगिनींनी आपल्या ओळखीचा एखादा शेतकरी धरावा, ही माझी कळकळीची विनंती. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, कुठलाही चालेल.

महानगरपालिकेलाही एक सांगणे आहे. सध्या वाटे एका घराच्या ओट्यावर लावले जातात आणि पाऊस आला की पळापळ होते. प्रत्येक प्रभागात पालिकेच्या मालकीची एखादी छपराची जागा शनिवारी सकाळी दोन तास मोकळी करून द्यावी. भाडे भरायची आमची तयारी आहे.

आपली,
एक गृहिणी, शहापूर, बेळगाव