"उशा किती घेतेस?" असे विचारणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बाळाच्या दीड महिन्याच्या लसीसाठी आई मला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या तुमच्या उपकेंद्रावर घेऊन आली, त्याला आता सात महिने झाले. तरी हे लिहिताना हात थरथरतो आहे.

लस टोचून झाली, कार्डावर नोंद झाली आणि आम्ही निघालो, तेव्हा तुम्ही मला थांबवून म्हणालात, "बाळाचे झाले, आता तुझे सांग. रात्री उशा किती घेतेस?" प्रसूतीनंतर माझ्याविषयी कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तीन उशा घेऊनही आडवे होता येत नाही, मध्यरात्री जीव गुदमरून जाग येते आणि मग भिंतीला टेकून पहाट करावी लागते, हे सांगताना मला रडू कोसळले. तुम्ही खाली बसलात, माझ्या नडगीवर अंगठा दाबलात आणि तो उचलल्यावर पडलेला खळगा भरून येईपर्यंत पाहत राहिलात. बाहेर बायकांची रांग होती, पण तुम्ही घाई केली नाहीत.

त्याआधी एका दवाखान्यात आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. बाळंतिणीला दम लागायचाच, जागरणाने होते, असे सांगून तिथे खोकल्याचे औषध दिले गेले. प्रसूतीनंतर उतरायला हवी ती सूज वाढतच होती, पण पायांकडे कोणी पाहिले नाही. चालताना दम लागतो की आडवे होताच, एवढे विचारायला कोणते यंत्र लागते? तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही १०८ची रुग्णवाहिका बोलावलीत. बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळले की हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता ३० टक्क्यांवर आली आहे. ती साधारण ५५ च्या वर असावी लागते. गरोदरपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत, आधी धडधाकट असलेल्या बाईच्याही हृदयाचा स्नायू असा दुर्बळ होऊ शकतो, फुप्फुसांत पाणी साचते आणि म्हणून आडवे होताच श्वास अडतो. कोरडा खोकला, छातीतली धडधड, एकाएकी वाढलेले वजन ही सगळी त्याचीच लक्षणे होती, हे मला खाटेवर पडल्यावर समजले.

परवाच्या इकोत आकडा ५० आला. गोळ्या चालू आहेत आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत, अशी ताकीद आहे. आता एका उशीवर झोपते. पुढच्या महिन्यात गोवराच्या लसीला येईन, तेव्हा उपकेंद्राच्या पायऱ्या बाळाला कडेवर घेऊन मीच चढणार आहे.

आपली कृतज्ञ,
सत्तरीची एक माहेरवाशीण