नवीन टाकीत मासे सोडण्याआधी

सभासदांनो, टाकी भरून आठवडा झाला, पाणी काचेसारखं नितळ आहे, मग मासे आणू का, ही विचारणा पुन्हा सुरू झाली आहे. थांबा. नितळपणावरून काहीच कळत नाही; माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया आणि जिवाणू त्याचं रूपांतर करतात ते नायट्राइट, ही दोन्ही विषं डोळ्यांना दिसत नाहीत.

पाणी तपासायचं टेस्ट किट वापरा, शक्यतो थेंबांचं. टाकीत २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) अमोनिया घाला आणि २४ तासांनी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट (नायट्राइटपासून जिवाणूंनी केलेलं, कमी घातक) दिसतंय, तर टाकी तयार. अमोनिया शून्य पण नायट्राइट तपासायची नळी अजून जांभळी, म्हणजे नायट्राइट शिल्लक असेल तर काम अर्धवटच आहे, आणि बहुतेकांची घाई नेमकी इथेच होते. टाकी तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पाणी गार असेल तर जास्तच.

मासे आणण्याआधी निम्म्याहून जास्त पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरेल. नवं पाणी क्लोरीन काढलेलंच हवं. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, हे काम करणारे बरेचसे जिवाणू त्यातच असतात.

सुरुवात मोजक्या, काटक माशांनी करा. पहिले काही दिवस रोज तपासणी, खाणं बेताचं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर लगेच पाणी बदला, ग्रुपवर नंतर विचारा.