प्रथिनांचे पेव नसते

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, सकाळी दोन आणि रात्री दोन चमचे प्रोटीन पावडर दुधातून घेतो, जास्त झाली तरी अंगातच राहील, असे तुम्ही फोनवर म्हणालात. ती अंगात राहत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साखर थोडीफार ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठते, जास्तीच्या उष्मांकांची चरबी होते. प्रथिनांसाठी मात्र आपल्या हरिपूरच्या हळदीसारखे साठवणीचे पेव, म्हणजे जमिनीखालचे कोठार, शरीरात कुठेच नाही. पचनातून तयार झालेली अमिनो आम्ले झीज भरून काढायला लागतील तेवढी वापरली जातात आणि उरलेल्यांतला नायट्रोजन यकृत वेगळा काढते. त्यातून होणारा अमोनिया मेंदूला घातक असल्यामुळे यकृत त्याचा लगोलग युरिया करते (हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले), आणि तो युरिया मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मागे राहिलेला कार्बनी भाग ऊर्जेसाठी जळतो, त्याची साखर होते किंवा, एकूण खाणेच जास्त असेल तर, चरबी. एवढ्या महागड्या डब्याने शेवटी भाकरीचेच काम केले म्हणायचे!

दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. उतारवयात स्नायू घटतात म्हणून अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. तुमच्या ६० किलोंना ७२ ग्रॅम पुष्कळ झाले. डब्यावर एका चमच्यात २४ ग्रॅम लिहिले आहे, म्हणजे चार चमच्यांचे ९६ ग्रॅम, आणि त्यावर पुन्हा आमटी, उसळ, अंडी आहेतच. निरोगी मूत्रपिंडे हा भार सहसा पेलतात. पण तुम्हाला बरीच वर्षे रक्तदाब आहे, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करतात का ते दाखवणारा रक्तातला घटक) तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डबा फोडू नका. शिवाय पायांत बळ यायला नुसते खाणे पुरत नाही, स्नायूंना ताण द्यावा लागतो. घाटावरच्या फेरीबरोबर हात न टेकता खुर्चीतून उठण्याबसण्याचा व्यायामही करावा.

आई, खरी उणीव तुझ्या ताटात आहे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, आणि तुझे उपवास आठवड्यातून दोनदा असतात. त्या दिवशी दूध, दही आणि मूठभर शेंगदाणे न चुकता घेत जा.

तपासणीचा कागद आला की त्याचा फोटो पाठवा.

आपली,
थोरली