बाबा, फरकाला नवाने भाग गेला

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर नीट बोलणं झालंच नाही. आई रडायला लागली आणि बाबा, तुम्ही पगार विचारून फोन तिच्याकडे दिला. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, दुपारच्या उजेडात वाचा.

नोकरी एका अकाउंट्सचं काम करणाऱ्या फर्ममध्ये लागली आहे. दुकानदार आणि लहान कारखानदार यांचे हिशोब लिहायचे, जीएसटीची विवरणपत्रं भरायची, असं काम आहे. हुद्दा अकाउंट्स असिस्टंट, म्हणजे अगदी खालची पायरी. पण पक्की नोकरी आहे आणि नेमणुकीचं पत्र हातात आहे.

इतके दिवस का लागले, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात ते होतंच. बी.कॉम. झालं, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकले, तरी साध्या नोंदी करायच्या जागेलासुद्धा 'किमान एक वर्षाचा अनुभव' मागतात. पहिली नोकरी मिळाल्याशिवाय अनुभव कुठून आणायचा? याच घालमेलीत मधे एका एजन्सीने नोकरीची खात्री देऊन आधी डिपॉझिट मागितलं, आणि बाबा, तुम्ही काकांकडून उचल घेऊन पैसे पाठवायला निघालात. मी नाही म्हणाले तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं, हे मला कळत होतं. तरी पुन्हा सांगते, नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते. काकांच्या मुलालाही हे सांगा, तो यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

तुम्ही एकदा म्हणालात, "आपला कुणाचा वशिला नाही, मी तुझ्यासाठी काही करू शकलो नाही." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

माझ्या खोलीवरची ताई चार वर्षं नोकरी करते. तिने माझा बायोडेटा वाचला आणि विचारलं, "यात 'मेहनती', 'प्रामाणिक' असं लिहिलंयस, पण तू खरंच काय काय केलंयस?" मी तिला आपल्या लातूरच्या अडत पेढीचं सांगितलं, शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या त्या दुकानात तुम्ही मुनीम होतात ते. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनची आवक वाढली की मी मार्केट यार्डात तुमच्याशेजारी बसायचे. काट्यावरून आलेलं वजन, सौद्यात निघालेला भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला द्यायच्या पैशांचा हिशोब करायचा, रोजच्या जमाखर्चाचा रोजमेळ लिहायचा, संध्याकाळी रोकड जुळवायची. ताई म्हणाली, हाच तर अनुभव आहे, लिही. पेढीचं नाव घालू का, म्हणून पेढीच्या शेटजींना फोन करून विचारलं, त्यांनी लगेच हो म्हटलं. तेवढ्या चार ओळी घातल्या आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

तिथे बोलण्याआधी कामच दिलं. एका दुकानाचं बँक स्टेटमेंट आणि त्याच्या वह्यांतलं बँकेचं खातं, दोन्हींचा मेळ घालायचा. न वटलेले चेक, बँकेचे चार्जेस सगळं धरूनही 2,700 रुपयांचा फरक राहत होता. शेजारी बसलेल्या मुलांनी वरून एकेक नोंद टिक करायला सुरुवात केली. मला तुमचा आवाज ऐकू आला, "आधी फरकाला नवाने भाग जातो का बघ." गेला. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने भाग जातोच. भागाकार 300, म्हणजे हजार आणि शतकाचे आकडे उलटे पडलेत आणि त्या दोन आकड्यांत तीनचं अंतर आहे. तशीच नोंद शोधत गेले. 7,410 चं 4,710 लिहिलं होतं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हणाले, माझ्या वडिलांकडून, ते लातूरला अडतीत मुनीम होते. मग त्यांनी विचारलं, नवाने भाग गेला नसता तर? मी सांगितलं, फरकाचं निम्मं करायचं आणि ती रक्कम शोधायची, नावेची नोंद जमेला पडली असेल तर सापडते. त्यांनी पुढे अनुभवाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. बाबा, माझा वशिला तुम्हीच होतात.

आई, तुझंही सांगते. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला विवरणपत्रांची मुदत असते, त्याआधी गिऱ्हाइकांना फोन करून राहिलेली बिलं मागवावी लागतात. काही जण चिडतात. तू बचत गटाचे हप्ते गोळा करताना कुणाच्या दारात आवाज चढवला नाहीस आणि हप्ता सोडलाही नाहीस. मी तशीच बोलते, आणि बिलं येतात.

आता पगाराचं. महिना 16,000. त्यातला मूळ पगार 10,000, त्यावर 12 टक्के, म्हणजे 1,200 प्रॉव्हिडंट फंडाला जातात. 120 रुपये ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी विम्याचे, कापून हातात 14,680 येतात. खोली आणि मेस जाऊन फार उरत नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण आता घरून पैसे पाठवू नका, माझं भागतं.

त्या 120 रुपयांचं महत्त्व मोठं आहे. 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना हा विमा लागू होतो आणि त्यात मुलांवर अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या उपचारांचीही सोय आहे. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ढकलत आलात. पेढी सुटली तीसुद्धा नजरेमुळेच. बिबवेवाडीला ईएसआयसीचं रुग्णालय आहे. कार्डावर तुमची नावं चढली की मी तिथे जाऊन डोळ्यांच्या विभागात विचारून येते.

त्यासाठी तुम्हा दोघांच्या आधार कार्डाचे आणि एकत्र काढलेला एक, असे फोटो पाठवा. आईचं आधारवरचं नाव अजून माहेरचं आहे, ते आधी सेवा केंद्रात जाऊन बदलून घ्या, लग्नाचा दाखला सोबत न्या. बाबा, डॉक्टरांचे जुने कागद लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. तपासणीसाठी पुण्याला येताना तेही आणा. शुगरचा रिपोर्ट मात्र नवीन काढा.

तुमची,
माई