झांक्यांचं चित्र फाटलं ते नेटवर्कमुळे नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे मिल कामगारांच्या चित्ररथांच्या रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीची, बातमी आपल्या अंकात वाचली. गर्दीमुळे नेटवर्क कोलमडल्याने थेट प्रक्षेपणात काही वेळ व्यत्यय आला, असं बातमीच्या शेवटी छापलं आहे. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. मी सव्वीस वर्षं थेट प्रक्षेपणाच्या कामांवर फायबर टाकतो आणि अँटेना लावतो. त्या रात्री नेमकं काय बिघडलं ते मी जवळून पाहिलं आहे. कारण चुकीचं नोंदलं गेलं तर पुढच्या वर्षी इलाजही चुकीचाच होईल.

मी त्या रात्री कामावर नव्हतो. नंदानगरला घरी आईजवळ बसून टीव्ही पाहत होतो. आई एक्याऐंशी वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे तिला जेल रोडला जाऊन उभं राहणं आता जमत नाही. वडील हुकुमचंद मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली, पण झांकी बंद पडली नाही. पगार थकलेल्या माणसांनी चंदा गोळा करून ती बनवली, हे मी घरात पाहिलं आहे. थकलेले पैसे हाती यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला आणि तोवर वडील राहिले नव्हते. त्यामुळे त्यांच्या मिलची झांकी येते तेव्हा आई खुर्चीत सरळ होऊन बसते. लहानपणी त्याच झांकीच्या मागे जनरेटरची वायर हातात धरून मी चाललो आहे. माझ्या आयुष्यातली ती पहिली केबल.

रात्री एकच्या सुमारास झांक्या कृष्णपुऱ्याकडे वळल्या आणि चित्र फाटायला लागलं. आधी चौकोन पडले, मग चित्र थिजलं, मग नुसता काळा पडदा. अकरा मिनिटं मी तसंच पाहत राहिलो. आई म्हणाली, "आपली निघून गेली असेल." मी स्कूटर काढली.

गर्दीतून वाट काढत पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, आत नेता येत नाही, ती मागे मोकळ्या जागेत उभी होती. अलीकडे एका दुकानाच्या ओट्यावर रिसिव्हर मांडून बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. घामाने भिजलेला, कानाला हेडफोन, पलीकडून कोणी तरी ओरडत होतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बांबूला अँटेना बांधलेला होता आणि तिथून काळी कोॲक्स केबल, म्हणजे अँटेनाची तांब्याची तार, खाली येऊन, दोन गल्ल्या ओलांडून, त्याच्यापर्यंत आली होती. मी विचारलं, "किती मीटर?" तो म्हणाला, "दीडशे असेल, काका."

बिघाड तिथेच होता. तिथले कॅमेरे मोबाइलच्या नेटवर्कवर चालत नव्हते. झांकीबरोबर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटा ट्रान्समीटर असतो. त्याची ताकद शे-दोनशे मिलिवॅट, म्हणजे घरातल्या अर्ध्या वॅटच्या नाइट लॅम्पहूनही कमी. ती मनाला येईल तशी वाढवता येत नाही, कारण वारंवारतेची परवानगी दिल्लीहून, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून, ठरलेल्या अटींवर मिळते. लहरी दोन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबी जेमतेम पंधरा सेंटीमीटर. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, आणि ते या लहरी शोषून घेतं. खजुरी बाजारापासून राजवाड्यापर्यंत खांद्याला खांदा लावून उभी राहणारी गर्दी म्हणजे अशा लहरींपुढची भिंतच. म्हणून अँटेना उंचावर हवा, आणि तो कॅमेऱ्याच्या जवळ हवा. एवढं त्या मुलाने बरोबर केलं होतं.

चुकलं ते पुढे. या वारंवारतेला बोटाएवढ्या जाड, चांगल्या प्रतीच्या कोॲक्समध्येही शंभर मीटरला सुमारे वीस डेसिबलचा तोटा होतो. म्हणजे शंभर मीटरनंतर सिग्नलचा शंभरावा भाग उरतो, दीडशे मीटरनंतर हजारावा. अँटेनाने गच्चीवर मिळवलेलं बहुतेक सगळं त्या काळ्या तारेने वाटेतच खाल्लं. त्यातून ॲम्प्लिफायर खाली, रिसिव्हरजवळ लावलेला. सिग्नल आधीच गोंगाटाच्या पातळीला आला असताना तो वाढवला की गोंगाटही तेवढाच वाढतो. रस्त्यापलीकडे चाललेली कुजबुज ऐकू येत नाही म्हणून माइक आपल्या कानाशी धरण्यासारखं आहे ते. माइक कुजबुजणाऱ्याच्या तोंडाजवळ न्यायला हवा.

फायबर हेच करतं. अँटेनाच्या पायथ्याशी एक छोटा डबा बसवतात. त्यात आधी फिल्टर, मग ॲम्प्लिफायर, मग लेझर. अँटेनाने पकडलेली लहर जशीच्या तशी लेझरच्या उजेडावर चढवली जाते, तो उजेड काचेच्या तंतूतून रिसिव्हरपर्यंत जातो आणि तिथे दुसरा डबा त्याची पुन्हा लहर करतो. साध्या सिंगलमोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरच्या उजेडाचा तोटा किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल. किलोमीटरभर गेल्यावरही नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड शिल्लक राहतो. मग व्हॅन गांधी हॉलच्या आवारात उभी करा, अँटेना राजवाड्यासमोर ठेवा, मधल्या अंतराची चिंता उरत नाही.

शिवाय अँटेना एकच का? एकाला कॅमेरा झांकीआड गेला की दुसऱ्याला दिसतो. आजकालचे रिसिव्हर चार किंवा आठ अँटेनांचे सिग्नल एकत्र घेतात आणि त्यांतून सर्वांत चांगलं चित्र जुळवतात. जेल रोडच्या तोंडाशी एक, कृष्णपुऱ्याला एक, नंदलालपुऱ्याला एक, राजवाड्याला एक, आणि सगळ्यांचे तंतू एकाच रिसिव्हरवर आणले, तर कॅमेरामनने झांकीबरोबर रात्रभर चालावं, चित्र त्याच्या मागोमाग येईल. स्टेडियममध्ये हेच करतात. ८ डिसेंबर २०११ ला होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ केले, त्या दिवशी मी स्टँडखाली फायबरच्या ड्रमपाशी होतो. मॅचसाठी जे करता येतं ते शंभर वर्षांच्या झांक्यांसाठी करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री फायबरचे डबे तिथे नव्हते. पण व्हॅनमध्ये कॅमेऱ्याच्या फायबरचा एक ड्रम मोकळा पडला होता. मी आणि तो मुलगा रिसिव्हर उचलून गच्चीवर घेऊन गेलो, अँटेनापासून तीन मीटरवर ठेवला, आणि तयार झालेलं चित्र त्या फायबरवरून खाली व्हॅनकडे पाठवलं. घरमालकांनी विजेचा पॉइंट दिला आणि चहाही पाठवला. तीन वाजून दहा मिनिटांनी चित्र स्वच्छ आलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "आता छान दिसतंय, पण आपली गेली रे."

म्हणून हे काम करणाऱ्यांसाठी आणि करवून घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहितो. फायबर आणलं की काम झालं, असं होत नाही. बहुतेक बिघाड टोकाला होतात. तंतूचा ज्या भागातून उजेड जातो तो गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या मानाने फारच बारीक. कनेक्टरच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तरी उजेड अडतो. टोपण काढल्यावर प्रत्येक वेळी पुसायचं, फुंकर घालायची नाही आणि सदऱ्याला तर मुळीच पुसायचं नाही. अँटेनाच्या कामाला हिरवे कनेक्टर लागतात. त्यांचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परतणारा उजेड लेझरमध्ये घुसून त्याला अस्थिर करत नाही. घाईत कोणी सरळ टोकाचा निळा कनेक्टर हिरव्याला जोडतो. तो बसतो, म्हणून चालेल असं वाटतं. पण मध्ये हवेची फट राहते आणि चित्र पुन्हा चौकोनांवर येतं. असे दोन कार्यक्रम माझ्या डोळ्यांदेखत गेले आहेत.

फिल्टर विसरू नये. राजवाड्याभोवतीच्या गच्च्यांवर मोबाइलचे टॉवर आहेत, त्यांच्या काही वारंवारता आपल्या अगदी शेजारच्या. फिल्टर नसेल तर टॉवरच्या आवाजाने ॲम्प्लिफायर आणि लेझर दोन्ही गुदमरतात. बातमीतल्या 'नेटवर्क'चा संबंध लावायचाच असेल तर एवढाच लावता येतो.

पावसाचंही पाहावं लागतं. अनंत चतुर्दशीला इंदूरचा पाऊस संपलेला नसतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे गच्चीवर काही झालं तरी ते तारेवाटे व्हॅनपर्यंत येत नाही, आणि वेगवेगळ्या घरांच्या अर्थिंगचा घोळही होत नाही. पण डब्याला वीज लागते. मी शेजाऱ्याच्या पॉइंटवर विसंबत नाही, बारा व्होल्टची बॅटरी ठेवतो. रात्रभर पुरते.

एक विनंती तंत्राबाहेरची. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीत त्याची किती हानी झाली, आणि तो पुन्हा उभा करायला किती वर्षं लागली, हे इंदूरकरांना माहीत आहे. तिथे किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, अँटेनासाठी एकही खिळा ठोकू नये, एकही क्लॅम्प आवळू नये. वजन ठेवलेला सुटा स्टँड समोरच्या एखाद्या पक्क्या गच्चीवर उभा करता येतो. फायबर हलकं असतं, पातळ दोरीसारखं कठड्यावरून सोडता येतं. मात्र प्लास्टिकच्या टायने करकचून बांधू नये, काटकोनात वाकवू नये. रस्ता ओलांडायचा तिथे वरून न्यावं, आणि झांकीच्या उंचीचा अंदाज आयोजकांकडून आधीच घ्यावा. झांक्यांवरच्या मूर्ती दरवर्षी सारख्या उंचीच्या नसतात.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला आदल्या दिवशी दुपारी सांगितलं गेलं होतं आणि हातात जी केबल होती ती त्याने वापरली. चार गच्च्या, चार घरमालकांची संमती, केबलची वाट, डब्यांचं भाडं, हे सगळं महिनाभर आधी ठरायला हवं. झांक्या बनवणारे कामगार दोन-दोन महिने रात्री जागतात. मिलच्या आवारात लाकडाच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवताना मी त्यांना पाहिलं आहे, सत्तरीची माणसं आहेत त्यात. त्यांची झांकी एका वळणावरून जाते ती काही मिनिटंच. ती मिनिटं गेली की वर्ष गेलं.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, अजून सहा महिन्यांवर आहे, पण तिची तयारी आताच व्हावी. तिथे टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, गुलाल हवेत असतो. डबे पाणी न शिरणारे हवेत, आणि कनेक्टरचे जोड गच्चीवरच झाकून ठेवावे लागतील. आपल्या वृत्तपत्राने आयोजक, महापालिका आणि प्रक्षेपण करणारे यांना एकत्र बसवलं तर बरं होईल. माझ्याकडे पाचशे मीटरचे दोन ड्रम आणि तंतू जोडायचं स्प्लायसिंगचं मशीन आहे. गेरीच्या दिवशी मी ते घेऊन येईन, मोबदला नको. माझा नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता, रस्ते रिकामे असताना, मी कृष्णपुरा पुलापासून राजवाड्यापर्यंत टेप घेऊन अंतर मोजणार आहे. त्या रात्रीच्या मुलालाही बोलावलं आहे, तो येतो म्हणाला. ज्यांची गच्ची त्या वाटेवर आहे त्यांनी भेटावं. माझं नाव कृपया छापू नये, त्यावरून त्या मुलाची ओळख पटेल आणि त्याची नोकरी नवी आहे.

आपला,
हुकुमचंद मिलच्या कामगाराचा मुलगा,
नंदानगर, इंदूर